विश्लेषण : गाडीला मोठा टर्बो बसवला की ताकद वाढते? आल्फ्रेड ब्युची यांच्या वीस वर्षांच्या धडपडीतून काय कळते?

जगात जर्मनी, भारतात परभणी असे परभणीकर अर्ध्या थट्टेने आणि अर्ध्या अभिमानाने म्हणतात. टर्बोचार्जरच्या बाबतीत या जोडीला खरेच अर्थ आहे. टर्बोची मूळ कल्पना जर्मन पेटंटमध्ये नोंदली गेली आणि ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा यशस्वी झाली तीही जर्मन जहाजांवर. आज एक-सव्वा लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या एमएच-२२ क्रमांकानेही धावतात. अशा गाडीचा कंपनीचा टर्बो काढून मोठा बसवावा का, हा प्रश्न हौशी मालकाला कधी ना कधी पडतोच. कोणता टर्बो कोणत्या इंजिनाला जुळेल, याच कोड्याने एका स्विस अभियंत्याची वीस वर्षे घेतली होती.

कोण होते आल्फ्रेड ब्युची?

ब्युची यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. हे गाव सुल्झर कंपनीच्या कारखान्यांसाठी ओळखले जाई. वडीलही त्याच कंपनीत वरिष्ठ पदावर होते, त्यामुळे इंजिने घरातल्या बोलण्यातच होती. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातून १९०३मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये कामाला गेले. तिथे त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. इंजिनात जाळलेल्या १०० रुपयांच्या इंधनातली साधारण ३० ते ३५ रुपयांची उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. ही उधळपट्टी थांबवायची कशी?

इंजिनाला जास्त इंधन पाजणे सोपे असते. अडते ते हवेपाशी. जाळायला पुरेशी हवा नसेल तर इंधनाचा नुसता काळा धूर होतो. ब्युची यांची कल्पना अशी, की बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवून ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. १६ नोव्हेंबर १९०५च्या जर्मन पेटंटमध्ये ही कल्पना नोंदली गेली. तेव्हा त्यांचे वय होते २६.

मग वीस वर्षे का लागली?

कल्पना बरोबर होती, पण ती पेलणारे साहित्य नव्हते. धुराच्या उष्णतेत टिकेल असा धातू हाताशी नव्हता आणि त्या काळचे हवा दाबणारे पंखे निम्मी मेहनत हवा तापवण्यातच घालवत. ब्युची स्वित्झर्लंडला परतले आणि सुल्झरमध्येच प्रयोग करत राहिले. १९१५मध्ये त्यांनी विमानाच्या इंजिनासाठी एक नमुना केला. उंचावरच्या विरळ हवेत तो दाब टिकवू शकला नाही. कारखानदारांनी या नादाकडे पाठ फिरवली.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस हेही विमानांसाठी याच दिशेने गेले. मॉस यांनी १९१८मध्ये कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांवरच्या डोंगरावर इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. श्रेय अनेकदा वाटून दिले जाते. पण रोजच्या वापरात टिकणारी पद्धत शोधली ती ब्युची यांनीच, असे म्हणायला हरकत नाही.

ती पद्धत १९२५च्या पेटंटमध्ये आहे, आणि आज टर्बो निवडणाऱ्याने सर्वात आधी समजून घ्यावी अशी तीच गोष्ट आहे. धूर नळीतून संथ वाहत नाही, प्रत्येक सिलिंडरमागून एकेक धक्का येतो. सगळे धक्के एकाच नळीत सोडले तर ते एकमेकांना अडवतात आणि एका सिलिंडरचा धूर शेजारच्या सिलिंडरमध्ये उलटा शिरू पाहतो. ब्युची यांनी सिलिंडरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला टर्बोपर्यंत स्वतंत्र नळी दिली. शिवाय आत येणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे ठेवले. त्यामुळे ताजी हवा उरलेला धूर झाडून नेई आणि सिलिंडर आतून थंड करी. त्यांनी टर्बो मोठा केला नव्हता, इंजिन आणि टर्बो यांची सांगड घातली होती.

आज दुकानात ट्विन स्क्रोल नावाने मिळतो तो याच विचाराचा टर्बो. चार सिलिंडरच्या गाडीत पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या त्यात वेगळ्या केल्या जातात. तीन सिलिंडरच्या इंजिनात धक्के मुळातच पुरेसे अंतर राखून येतात. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी ट्विन स्क्रोलवर जादा पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही.

यश कधी मिळाले?

१९२०च्या दशकाच्या मध्यावर प्रॉयसेन आणि हान्सेस्टाट डान्झिग या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांना ब्युची यांच्या देखरेखीखाली टर्बो बसले. ताकद १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. म्हणजे त्याच इंजिनातून ४० टक्क्यांहून जास्त वाढ. त्यानंतर परवाने घ्यायला कंपन्या पुढे आल्या. अमेरिकेच्या अल्को कंपनीने १९३०च्या दशकात रेल्वे इंजिनांसाठी ब्युची पद्धत घेतली. पुढे याच अल्कोच्या आराखड्यावरची २६०० अश्वशक्तीची टर्बो डिझेल इंजिने, म्हणजे डब्ल्यूडीएम-२, भारतीय रेल्वेचा कणा झाली. डिझेल इंजिन सुटताना येणारी ती बारीक शीळ परभणी आणि पूर्णा स्थानकांवर उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळी सांगायला नको. ती टर्बोचीच.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी ब्युची यांचे विंटरथूरमध्येच निधन झाले. जहाजे, रेल्वे, ट्रक यांत टर्बो त्यांनी पाहिला. बाजारात विकली जाणारी टर्बो कार मात्र त्यांच्या हयातीत आली नाही.

कारमध्ये गाडे कुठे अडले?

१९६२मध्ये ओल्ड्समोबिलची जेटफायर आली. पेट्रोल इंजिनात दाबलेली गरम हवा गेली की इंधन वेळेआधी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते, पिस्टनही फुटू शकतो. त्यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण हवेत सोडले जाई. मालक ती टाकी भरायला विसरत. शेवटी कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

परभणीच्या उन्हात हीच अडचण जास्त जाणवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. १५ अंशांच्या तुलनेत त्या हवेत प्राणवायू सुमारे ९ टक्के कमी असतो. ही हवा टर्बोने वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली, तर टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ती साधारण १४५ अंशांपर्यंत तापते. टर्बो इंजिनाला न जुळणारा असेल आणि कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली, तर हाच आकडा १६० च्या वर जातो. म्हणून आपल्या भागात टर्बोच्या आधी चांगल्या इंटरकूलरवर खर्च केलेला बरा.

मोठ्या टर्बोचे चक्र जड असते. ते वेग घ्यायला वेळ लावते आणि दाब येतो तो इंजिन वरच्या फेऱ्यांत गेल्यावर. वसमत रस्त्यावर ट्रक ओलांडताना ताकद हवी असते ती दोन-अडीच हजार फेऱ्यांवर. त्यामुळे आधी अपेक्षित अश्वशक्ती ठरवावी, तिला लागणारी हवा मोजावी आणि ती मात्रा टर्बो उत्पादकाच्या कॉम्प्रेसर आलेखाच्या मधल्या भागात बसते का ते पाहावे. रोजच्या गाडीसाठी मूळ कवचात किंचित मोठे चक्र बसवलेला टर्बो बहुधा पुरतो. त्याबरोबर इंजेक्टर, क्लच आणि ईसीयूचे ट्यूनिंग यांचा खर्च येतोच. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे ऑइल बदलायला उशीर करून चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीची वॉरंटी धोक्यात येते ती वेगळीच. अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला आधी लेखी कळवलेला नसेल, तर दावा अडकण्याचीही शक्यता असते. टर्बोची ऑर्डर देण्याआधी परभणीच्या आरटीओ कार्यालयात एक फेरी मारून विचारून घ्यावे.