महामहोपाध्याय काणे आणि विल्सनचे बाक

हैदराबादच्या काचीगुडा भागात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. गेल्या उन्हाळ्यात तेथे एका नातलगांकडे गेलो असता घरात एकच विषय चालला होता. मुलीला बारावीत चांगले गुण मिळाले होते. तिला वाङ्मय शिकायचे होते आणि तिने निवडलेले महाविद्यालय लहानसे, ख्रिस्ती संस्थेने चालविलेले होते. आईवडिलांची हरकत नव्हती. आजोबांना मात्र नात घरच्या संस्कारांपासून दुरावेल अशी धास्ती वाटत होती. ज्या कपाटाला टेकून ते बोलत होते, त्याच कपाटात 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाचा मराठी सारानुवाद होता. त्या ग्रंथाचे कर्ते कोठे शिकले, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. गोव्यातील अनेक घरांतही प्रवेशाच्या दिवसांत हाच प्रश्न उभा राहतो, म्हणून ही चरित्रकथा.

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथे झाला. घराण्यात वेदाध्ययनाची परंपरा होती. वडील वामनराव दापोलीत वकिली करीत. संस्कृतचे पहिले पाठ पांडुरंगाला घरीच मिळाले. शाळेची वेळ आली तेव्हा दापोलीतील मिशनची इंग्रजी शाळा हीच जवळची आणि चांगली शाळा होती. वैदिक घराण्यातील हा मुलगा त्या शाळेत गेला आणि १८९७ साली तेथूनच मॅट्रिक झाला.

पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि विल्सन महाविद्यालयात दाखल झाले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली लावलेल्या शाळेच्या रोपट्यातून ही संस्था वाढली होती. विल्सन स्वतः संस्कृत आणि मराठी शिकलेले होते. काणे आले तेव्हा चौपाटीसमोरची दगडी इमारत उभी राहून जेमतेम दशक लोटले होते. भाषा, तत्त्वज्ञान, गणित आणि विज्ञान यांचे अध्यापन तेथे एकाच छपराखाली चाले आणि बायबलचा तास हा दिनक्रमाचा भाग असे. कला-विज्ञानाचे पदवी महाविद्यालय त्या काळी गोव्यात नव्हते. ते येण्यास मुक्तीनंतरचे १९६२ साल उजाडावे लागले. तोवर कित्येक गोमंतकीय तरुणांनाही पदवीसाठी मुंबई, बेळगाव किंवा धारवाडची वाट धरावी लागे.

विल्सनमधून काणे १९०१ साली बी.ए. झाले आणि संस्कृतसाठीचे भाऊ दाजी पारितोषिक त्यांनी मिळविले. १९०३ साली ते एम.ए. झाले. त्या परीक्षेत वेदान्तासाठी असलेले झाला पारितोषिकही त्यांच्याकडे आले. ख्रिस्ती महाविद्यालयाच्या बाकावर बसून वेदान्ताचे पारितोषिक मिळविणाऱ्या या विद्यार्थ्याची घरच्या विद्येवरील पकड सुटली नव्हती. उलट, ग्रंथाचा काळ ठरविणे, पाठ ताडून पाहणे आणि पुराव्यावाचून विधान न करणे ही शिस्त नव्या शिक्षणाने त्या विद्येला जोडून दिली, असे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते.

रत्नागिरीत आणि मुंबईत काही वर्षे सरकारी शाळांत शिकविल्यावर १९११ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभली. गिरगावच्या आंग्रेवाडीत बिऱ्हाड, दिवसा न्यायालय आणि उरलेल्या वेळी एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, असा त्यांचा क्रम होता. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करताना तिला धर्मशास्त्रवाङ्मयाच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी असे त्यांच्या मनात होते. विषय इतका विस्तारला की प्रस्तावनेचा स्वतंत्र ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग निघाला तेव्हा १९६२ साल उजाडले होते. एकूण पृष्ठे साडेसहा हजारांहून अधिक भरली. पोटाच्या जुनाट विकाराने ते त्रस्त असत. तरीही हे काम त्यांनी एकट्याने तडीस नेले.

या अभ्यासाचा उपयोग त्यांनी ग्रंथालयाबाहेरही केला. केशवपन न केलेल्या विधवेलाही पंढरपूरच्या विठ्ठलाची पूजा करण्याचा अधिकार आहे, ही बाजू त्यांनी न्यायालयात लढविली. रूढी आणि शास्त्र यांत किती अंतर असते, काळानुसार शास्त्रकारांनीच नियम कसे बदलले, हे मूळ वचनांच्या आधारे दाखविणारा पंडित सुधारणेच्या बाजूने उभा राहिला, म्हणून सनातन्यांना त्याचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नव्हते.

मान आपोआप येत गेले. १९४२ साली महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. ग्रंथाच्या चौथ्या खंडाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि १९६३ साली भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान त्यांना देण्यात आला. नव्वदी ओलांडलेल्या या ज्ञानतपस्व्याचे १९७२ साली निधन झाले.

मिशनच्या शाळेत शिकून त्या काळी काही तरुणांनी धर्मांतर केले, हे खरे आहे. आजोबांच्या धास्तीमागे तो इतिहास असू शकतो. पण त्याच बाकांवर काणेही बसले होते आणि हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत विस्तृत इतिहास त्यांच्या हातून लिहिला गेला. घरून काय घेऊन निघालो आणि समोर आलेले किती कसोशीने अभ्यासले, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

काचीगुड्याच्या त्या घरी हे सारे सांगितले तेव्हा आजोबांनी कपाटातील ग्रंथ काढून पहिले पान उघडले आणि बराच वेळ वाचत बसले. प्रवेशाचा अर्ज भरायला नातीबरोबर ते स्वतः गेले, असे पुढे दूरध्वनीवर कळले.