लँकेस्टर बनवणारे रॉय चॅडविक आणि उलट जोडलेली तार

गेल्या वर्षी माझं फोमचं रिमोटवालं विमान टेकऑफनंतर तीन सेकंदांत जमिनीत घुसलं. बॅटरी फुल होती, वाराही नव्हता. चूक एवढीच, की एलेरॉनचा सर्व्हो बदलल्यावर रिमोटच्या मेनूमध्ये तो चॅनल 'रिव्हर्स' करायचा राहून गेला. विमान डावीकडे झुकलं म्हणून मी स्टिक उजवीकडे दिली, तर ते आणखी डावीकडे झुकलं. काय होतंय हे डोक्यात शिरेपर्यंत सगळं संपलं होतं. फोमचे तुकडे पिशवीत भरून घरी आलो.

त्याच सुमारास मी एका मोठ्या मॉडेलची तयारी करत होतो. दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर विमान, अ‍ॅव्ह्रो लँकेस्टर. त्याची ड्रॉइंग्ज शोधता शोधता मी ते विमान डिझाइन करणाऱ्या रॉय चॅडविक यांच्याबद्दल वाचायला लागलो. शेवटी कळलं की हा माणूस ज्या चुकीमुळे गेला, तीच चूक मी माझ्या छोट्या विमानात केली होती. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगतोय.

मॉडेल उडवणारा मुलगा

चॅडविक यांचा जन्म ३० एप्रिल १८९३ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. वडील इंजिनिअर. राइट बंधूंनी पहिलं उड्डाण केलं तेव्हा रॉय दहा वर्षांचे होते. लहानपणापासून त्यांना विमानांची मॉडेल्स बनवायचा नाद लागला. पुढे दिवसा मँचेस्टरजवळच्या एका विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंगचं काम आणि संध्याकाळी कॉलेज, असं त्यांचं शिक्षण झालं.

१९११ मध्ये, अठराव्या वर्षी, ते ए. व्ही. रो यांच्या कंपनीत लागले. हीच ती 'अ‍ॅव्ह्रो'. रो स्वतःसुद्धा मॉडेलवालेच होते बरं का! १९०७ मध्ये लंडनला झालेल्या मॉडेल विमानांच्या स्पर्धेत त्यांनी ७५ पौंडांचं बक्षीस मिळवलं होतं. आपल्या हवाई दलाची 'अ‍ॅव्ह्रो' नावाने ओळखली जाणारी वाहतूक विमानं माहीत आहेत ना? त्यांचं नावही याच कंपनीवरून आलंय.

चॅडविक फक्त ड्रॉइंग बोर्डवर बसणारे नव्हते. १९२० मध्ये आपणच डिझाइन केलेलं 'बेबी' नावाचं छोटं विमान उडवताना त्यांचा अपघात झाला आणि ते गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर पुन्हा कामावर आले. नवं विमान उडताना आपण त्यात असायचं, ही सवय मात्र सुटली नाही.

फसलेलं विमान, टिकलेला सांगाडा

१९३९ मध्ये त्यांच्या 'मँचेस्टर' या बॉम्बरचं पहिलं उड्डाण झालं. याला फक्त दोन इंजिनं होती, पण प्रत्येक इंजिन २४ सिलिंडरचं. रोल्स-रॉइसच्या या 'व्हल्चर' इंजिनात दोन व्ही-१२ इंजिनं एकाच क्रँकशाफ्टवर इंग्रजी एक्स अक्षरासारखी जोडलेली होती. कागदावर ताकद भरपूर, प्रत्यक्षात इंजिन गरम व्हायचं आणि बेअरिंग्ज निकामी व्हायची. एक इंजिन बंद पडलं की उरलेल्या एकावर एवढं जड विमान हवेत ठेवणं फार कठीण.

अशा वेळी आम्ही सॉफ्टवेअरवाले काय म्हणतो? पहिल्यापासून परत लिहू! चॅडविक यांनी तसं केलं नाही. विमानाचा मधला भाग आणि बॉम्ब ठेवायची जागा उत्तम जमली होती. ती जागा ३३ फूट लांब होती आणि मध्ये कुठलाही अडथळा नव्हता. ते सगळं त्यांनी तसंच ठेवलं. पंख ९० फुटांवरून १०२ फुटांपर्यंत लांबवले आणि त्यावर चार 'मर्लिन' इंजिनं बसवली. स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये हे इंजिन आधीच पारखलेलं होतं. ९ जानेवारी १९४१ रोजी हे विमान मँचेस्टरच्या रिंगवे विमानतळावरून उडालं. सुरुवातीला नाव होतं 'मँचेस्टर थ्री', नंतर झालं 'लँकेस्टर'. अशी एकूण ७,३७७ विमानं बनली.

फोमच का?

माझं मॉडेल १:१२ प्रमाणात आहे, म्हणजे पंखांची लांबी साधारण २.६ मीटर. सगळी मापं बारापट लहान केली की पंखांचं क्षेत्रफळ १४४ पटीने कमी होतं, पण वजन त्याच हिशेबाने १,७२८ पटीने कमी व्हायला हवं. पूर्ण भरलेली लँकेस्टर सुमारे ३० टनांची, म्हणजे मॉडेल १७ किलोंच्या वर जायला हवं. फोम, कार्बनच्या नळ्या आणि चार ब्रशलेस मोटर वापरून मी ते सहा किलोंत बसवलं. त्यामुळे ते सावकाश उडतं आणि हळू उतरतं. पडलं तर चिकटवताही येतं. खऱ्या विमानाला ती सोय नव्हती.

हे विमान काय करायचं

मॉडेल रंगवताना हा प्रश्न टाळता येत नाही. लँकेस्टरने रात्रीच्या वेळी जर्मन शहरांवर बॉम्ब टाकले आणि त्यात हजारो सामान्य माणसं मेली. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीतली धरणं फोडण्यासाठी पाण्यावरून उसळत जाणारे बॉम्ब वापरले गेले. बॉम्बची कल्पना बार्न्स वॉलिस यांची, तो वाहून नेण्यासाठी विमानात बदल चॅडविक यांनी केले. १९ विमानं गेली, ८ परत आली नाहीत, ५३ जण मेले. खाली पुरात सुमारे १,३०० माणसं गेली, त्यांत सक्तीने कामाला आणलेल्या परदेशी बायका-पुरुषही होते. संपूर्ण युद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,००० हून जास्त माणसं मारली गेली. आणि १९४५ च्या एप्रिल-मे मध्ये याच विमानांनी उपासमार होत असलेल्या नेदरलँड्समध्ये अन्नाची पोती टाकली. मी मॉडेलवर बॉम्ब लावलेला नाही, पण हा इतिहास त्याच्यासोबत येतोच.

२३ ऑगस्ट १९४७

युद्ध चालू असतानाच चॅडविक प्रवासी विमानांकडेही वळले होते. लँकेस्टरचेच पंख वापरून त्यांनी बनवलेल्या 'यॉर्क' विमानातून १९४७ च्या मार्चमध्ये माउंटबॅटन दिल्लीला आले होते. पुढचं विमान होतं 'ट्यूडर २'. त्याच्या चाचणीसाठी २३ ऑगस्टला वुडफर्डच्या धावपट्टीवर चॅडविक नेहमीप्रमाणे स्वतः विमानात बसले. पायलट होते अनुभवी बिल थॉर्न.

आधीच्या दुरुस्तीत एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे असलेली हलती फळी. एका पंखाची फळी वर आणि दुसऱ्याची खाली गेली की विमान झुकतं. तारा उलट असल्या तरी कॉकपिटमधलं चाक सहज फिरतं, कुठे अडकत नाही. बाहेर पंखाकडे बघितलं तरच दिशा चुकलीय हे कळतं.

जमीन सोडताच विमान एका बाजूला झुकलं. सरळ करायचा प्रयत्न केला तसं ते जास्तच झुकत गेलं. पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि विमान कोसळलं. चॅडविक आणि थॉर्न यांच्यासह चार जण गेले. चॅडविक ५४ वर्षांचे होते. वाचलेल्यांत स्टुअर्ट डेव्हिस नावाचे इंजिनिअर होते. चॅडविक यांनी सुरू केलेल्या त्रिकोणी पंखांच्या 'व्हल्कन' या जेट बॉम्बरचं काम त्यांनी पुढे नेलं आणि ते विमान १९५२ मध्ये उडालं.

आपण यातून काय घ्यायचं?

तार जोडणाऱ्याला दोष देऊन हे थांबत नाही. थकलेल्या माणसाच्या हातून चूक होणारच. ती चूक करताच येऊ नये, अशी वस्तू बनवणं हा एक उपाय. तुमच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तो याचसाठी, कार्ड ट्रेमध्ये उलटं बसतच नाही. दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्या माणसाचे डोळे. आज विमानाच्या कंट्रोलच्या तारांना हात लावला, की ते काम दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासावं लागतं. आमच्या ऑफिसात यालाच कोड रिव्ह्यू म्हणतात, आणि घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तोच गाळला जातो. मीही गाळलाय.

माझी लँकेस्टर गेल्या महिन्यात पहिल्यांदा उडाली. त्याआधी मित्राला विमानाच्या मागे उभं केलं. मी स्टिक उजवीकडे दिली आणि त्याला विचारलं, काय दिसतंय? उजवी वर, डावी खाली, तो म्हणाला. मग डावीकडे दिली. सगळं बरोबर होतं, तरी बॅटरी काढून परत लावली आणि पुन्हा एकदा त्याला विचारलं. तो वैतागला. मग मी थ्रॉटल दिला.