पहिले सालारजंग : राज्याची पत आणि नीति

ऐपत पाहून खर्च करणें ही केवळ व्यवहाराची गोष्ट आहे, तिच्यांत नीतीचा संबंध कोठें येतो, असें पुष्कळांस वाटतें. या शंकेचें उत्तर आमच्या नांदेड-लातूरकडील मुलुखाच्या पूर्वेतिहासांतच सांपडतें. म्हणून हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांचें अल्प चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

मीर तुराब अली खान हें त्यांचें मूळ नांव. त्यांचा जन्म १८२९ सालीं झाला. १८५३ च्या मे महिन्यांत, फौजेच्या खर्चाची बाकी थकल्यामुळें, निजामास वऱ्हाड, धाराशिव व रायचूरकडील मुलुख इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. त्याच महिन्यांत त्यांचे चुलते दिवाण सिराज-उल्-मुल्क वारले, आणि अवघ्या चोविसाव्या वर्षीं दिवाणगिरीचीं वस्त्रें त्यांस मिळालीं.

खजिना रिता होता. कर्जाच्या फेडीसाठीं सावकारांस व अरब जमादारांस तालुकेच्या तालुके लावून दिलेले होते. इतरत्र वसुलाचे मक्ते दिले जात. मक्तेदारास पुढील सालाची शाश्वती नसे. यासाठीं चालू सालांतच रयतेपासून निघेल तितकें तो काढून घेई. दरबारच्या उधळपट्टीचें व्याज अशा रीतीनें कुणब्याच्या खळ्यावर वसूल होई. कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसरा, हीच त्यांतील अनीति होय.

सालारजंगांनीं कर्ज बुडविलें नाहीं. धनकोंशीं तडजोडी करून त्यांनीं गहाण पडलेले तालुके क्रमाक्रमानें सोडवून घेतले. मक्ते बंद करून पगारी तालुकदार व तहसीलदार नेमले. १८६५ सालीं जिल्हाबंदी केली; तींत नांदेड हा एक जिल्हा झाला. तत्पूर्वीं १८६० सालीं धाराशिवचा मुलुख परत आला होता. पुढें त्याच जिल्ह्यांतून १९८२ सालीं लातूर जिल्हा वेगळा निघाला.

जुनें मोडतांना त्यांनीं वचन मोडलें नाहीं. वसुलाचें काम देशमुख-देशपांड्यांकडून गेलें, तरी त्यांस रोख रसूम बांधून दिला. या सावधपणाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वतनदारांचें वजन खेड्यांत कायम राहिलें, आणि गरीब कुळाची सावकाराच्या वहींतून सुटका झाली नाहीं. १८७४ सालीं वाडी-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला. त्याचा भार खजिन्यावरच पडला. वऱ्हाड परत मिळविण्याची त्यांची खटपटहि निष्फळ झाली. १८८३ च्या फेब्रुवारींत ते पटकीनें वारले.

तथापि रित्या खजिन्यावर पत उभी करतां येते, हें त्यांनीं दाखविलें. पत म्हणजे दिलेल्या शब्दावर दुसऱ्यानें ठेवलेला विश्वास. शुभवर्तमानांतील कारभाऱ्याच्या दाखल्यांतहि धन्याच्या मालमत्तेचा हिशेब मागितला जातो. राज्याचा पैसा रयतेच्या घामाचा असतो. तसा आमच्या विद्यार्थ्यांच्या हातांतील पैसाहि बहुधा आईबापांच्या घामाचा असतो. सोयाबीन वा कापूस विकून जो बाप मुलाची फी भरतो, त्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. मुलानें मात्र तें वेळींच ओळखावें, आणि आपल्या हौसेचें देणें दुसऱ्याच्या माथीं मारूं नये, इतकेंच आमचें मागणें आहे.