चवदार तळे आणि सरकारी तिजोरी : अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब

२० मार्च जवळ आला की आपली पावले महाडकडे वळतात. पण चवदार तळ्यावर येण्याच्या बारा वर्षे आधीच बाबासाहेबांनी एक मूलभूत प्रश्न हाती घेतला होता, हे आपण फारसे सांगत नाही. सरकार पैसा कोणाकडून घेते आणि कोणावर खर्च करते, हा तो प्रश्न.

१९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. कंपनीची तिजोरी शेतसारा, अफू आणि मीठ यांवर भरत होती. १८३३ मध्ये कंपनीचा व्यापार बंद झाला, तरी भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश भारताच्या महसुलातूनच दिला जाई. युद्धांचे कर्जही रयतेच्याच माथी होते. रस्ते आणि पाटबंधाऱ्यांच्या वाट्याला मात्र फार थोडे येई.

१९२५ साली त्यांचा प्रांतीय वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. १८३३ च्या कायद्याने सारी तिजोरी केंद्राकडे गेली. १८७१ मध्ये लॉर्ड मेयोने शिक्षण, पोलीस, तुरुंग, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. पुढे काही महसूल प्रांतांना मिळाला, काही दोघांत वाटला गेला. १९२१ पर्यंतचा हा सगळा प्रवास बाबासाहेबांनी आकडेवारीनिशी मांडला.

आता महाडकडे पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि तो ठराव जमिनीवर उतरवला. विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात नेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तो फेटाळला. माणुसकीच्या त्या लढ्यात सार्वजनिक मालमत्तेवरचा हक्कही होता.

महाड-पोलादपूरच्या गावांत सरकार आणि कुळाच्या मधे खोत बसला होता. सारा सरकारात भरायचा आणि कुळाकडून त्याहून जास्त वसूल करायचे, ही त्याची रीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणचे शेतकरी मुंबईत विधानसभेवर धडकले. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही, पण स्वातंत्र्यानंतर खोती कायद्याने गेली.

तरुण मित्रांनो, तळ्याला वंदन करताना हे बाबासाहेबही सोबत घेऊया. आपल्या ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागून वाचूया. वस्तीच्या नळासाठी, रस्त्यासाठी, शाळेसाठी किती रक्कम आली आणि किती खर्ची पडली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारूया. सरकारी तिजोरीतला पैसा आपलाही आहे.

जय भीम!