कुलपं बनवणाऱ्याचा पोरगा: ओहम मास्तरांची गोष्ट

विहिरीवरची मोटार जळाली की वायरमन खिशातून मल्टिमीटर काढतो, लाल-काळी टोकं वाइंडिंगला लावतो आणि आकडा बघतो. आकड्याशेजारी घोड्याच्या नालासारखी एक खूण असते. ती खूण म्हणजे ओहम. बऱ्याच जणांना हे एखाद्या यंत्राचं नाव वाटतं, पण ओहम हा चांगला हाडामासाचा माणूस होता. शाळामास्तर होता आणि त्याची अर्ध्याहून जास्त जिंदगी ओढाताणीत गेली.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर, आई शिंप्याची लेक. सात भावंडांपैकी तिघंच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली. वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते, पण स्वतः पुस्तकं वाचून गणित शिकले होते. दिवसभर कानस चालवायची आणि मग पोरांना गणित, विज्ञान शिकवायचं, असा त्यांचा क्रम. धाकटा भाऊ मार्टिन पुढे मोठा गणिती झाला. जॉर्जला मात्र दोन गोष्टी मिळाल्या, डोक्यात गणित आणि हातात कारागिरी. ही कारागिरी पुढे त्याच्या फार कामी आली.

1805 मध्ये पोरगा विद्यापीठात गेला आणि तिथं नाचणं, बर्फावर घसरणं, बिलियर्ड खेळणं यातच रमला. पोटाला चिमटा घेऊन शिकवणारा बाप भडकणारच. पोराला शिक्षण सोडायला लावून त्यांनी स्वित्झर्लंडला एका शाळेत गणित शिकवायला धाडलं. तिथं पोरगा ताळ्यावर आला. परत येऊन 1811 मध्ये डॉक्टरेट घेतली. पण डॉक्टरेटने पोट भरत नाही. विद्यापीठातला पगार इतका तुटपुंजा की दीड वर्षात ते सोडावं लागलं. मग बांबर्गची एक शाळा मिळाली, तीही 1816 मध्ये बंद पडली.

1817 मध्ये कोलोन शहरातल्या शाळेत नोकरी लागली आणि तिथं प्रयोगशाळा होती. तारेतून वीज किती वाहते आणि ती कशावर अवलंबून असते, हा प्रश्न ओहम मास्तरांनी तिथं धरला. तारा आणि उपकरणं ते स्वतःच्या हाताने बनवत.

पहिली अडचण बॅटरीची आली. त्या काळच्या बॅटऱ्या भार पडला की ढेपाळत. संध्याकाळी सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की गावातला दाब बसतो ना, तसंच काहीसं. दाबच हलता असेल तर मोजमाप कसं बरोबर येणार? 1825 मध्ये त्यांनी जो नियम छापला तो चुकलाच. पण मास्तर चुकीला चिकटून बसले नाहीत. दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने सुचवल्यावर त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. तांबं आणि बिस्मथ हे दोन धातू जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. अशा जोडणीतून थोडी वीज निघते, पण निघते ती एकसारखी. मग सारख्या जाडीच्या, कमी-जास्त लांबीच्या तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेली चुंबकसुई किती वळते ते टिपून ठेवलं.

1826 मध्ये हिशोब जुळला. दाब वाढला की त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो, अडथळा वाढला की त्याच प्रमाणात कमी होतो. तार दुप्पट लांब केली की अडथळा दुप्पट, तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट घेतलं की निम्मा. आजच्या भाषेत सांगायचं तर व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतो.

हाच हिशोब घरात करता येतो. 230 व्होल्टवर 1000 वॅटचा हीटर साधारण 4.35 अँपिअर घेतो. 230 भागिले 4.35 म्हणजे अडथळा जवळपास 53 ओहम. दाब 180 वर आला तर प्रवाह 3.4 अँपिअर होतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, म्हणून 180 गुणिले 3.4, उरले 612 वॅट. दाब चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी घटला, पण ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. पाणी तापायला उशीर का होतो ते इथं कळतं. खांबापासून लांबवर नेलेल्या वायरीचंही तसंच. तिचा अडथळा 2 ओहम असेल आणि 10 अँपिअर वाहत असतील तर 20 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि वायर तापते. (मोटारीचा हिशोब मात्र इतका सरळ नसतो, तिथं पॉवर फॅक्टर मध्ये येतो.) तारेत उष्णता किती तयार होते त्याचा नियम 1841 मध्ये इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी मांडला.

ओहम यांनी अर्ध्या पगारावर रजा काढून बर्लिन गाठलं आणि 1827 मध्ये पुस्तक छापलं. त्यावर विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती. झालं उलटंच. विजेला गणितात बसवणं तिथल्या बऱ्याच विद्वानांना रुचलं नाही, काहींनी टीका केली, बाकीच्यांनी दखलच घेतली नाही. 1828 मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये मिळेल तिथं गणित शिकवून काढली. नियम बरोबर होता, तरी माणूस रिकामाच. 1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

मान मिळाला तो परदेशातून. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं, मग घरच्यांचेही डोळे उघडले. ज्यासाठी आयुष्यभर धडपडले ती विद्यापीठातली भौतिकशास्त्राची खुर्ची म्युनिकला 1852 मध्ये मिळाली. तेव्हा वय 63. लग्न केलेलं नव्हतं. त्या खुर्चीवर दोनच वर्षं बसायला मिळालं, 6 जुलै 1854 रोजी ते वारले.

1881 मध्ये पॅरिसला जगभरचे वीजतज्ज्ञ मापं ठरवायला जमले. तारेचा अडथळा मोजायच्या मापाला त्यांनी ओहम हे नाव कायम केलं. खूण म्हणून ग्रीक लिपीतलं ओमेगा हे अक्षर वापरात आलं, तोच तो मीटरवरचा नाल.