बिअर थंड ठेवायला निघालेला प्राध्यापक: कार्ल फॉन लिंडे

मे महिन्यात आमच्या जळगाव-धुळ्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि इडलीचं पीठ बघता बघता आंबट होतं. बिअरचंही तसंच. लागर बिअरचं यीस्ट साधारण 8 ते 12 अंशांत नीट काम करतं, त्यात आंबवताना स्वतःही उष्णता सोडतं. म्हणून बव्हेरियात 1553 पासून जवळपास 300 वर्षं उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती.

म्युनिकचे प्राध्यापक लिंडे (1842-1934) यांनी स्पाटेन ब्रुअरीच्या मदतीने शीतयंत्र बनवलं. 1876 पासून त्यात अमोनिया वापरला. दाबून द्रव केलेला अमोनिया पुन्हा वायू होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. 1879 मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडून कंपनी काढली. मला तो निर्णय यंत्राइतकाच मोठा वाटतो, कारण त्यानंतर हे यंत्र ब्रुअरी-ब्रुअरीत पोचलं. आपला फ्रिज आणि इथली केळी पिकवायची चेंबर्स आजही याच तत्त्वावर चालतात.