पंधरावा क्रमांक मिळालेली पियानोवादक : चिएको हारा



स्पर्धांचे दिवस आले की वर्गात एक चित्र हमखास दिसतं. निकाल लागतो, तीन मुलं उड्या मारतात आणि बाकीची गप्प होतात. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने समूहगीत स्पर्धेत नंबर आला नाही म्हणून पेटीला हात लावायचंच सोडलं होतं. तिला काय सांगावं या विचारात असताना मला एका जपानी कलाकाराची गोष्ट आठवली. ती आज तुमच्यासाठी.

जन्म आणि बालपण

चिएको हारा यांचा जन्म २५ डिसेंबर १९१४ रोजी जपानमधील कोबे येथे झाला. कोबे हे मोठं बंदर. देशोदेशीची जहाजं आणि माणसं तिथे येत. त्यामुळे पाश्चात्त्य संगीत ऐकायची आणि शिकायची सोय तिथे इतर गावांपेक्षा जास्त होती.

तरीही पियानो हे वाद्य जपानसाठी तसं नवंच होतं. यामाहा कंपनीने आपला पहिला पियानो १९०० साली बनवला, म्हणजे चिएकोच्या जन्माआधी जेमतेम चौदा वर्षं. आपल्याकडची पेटी भात्याच्या हवेवर वाजते. पियानोचं तसं नाही. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. अशा ८८ पट्ट्या असतात. बोट किती जोरात आणि कसं पडतं यावर सुराचा जीव अवलंबून. म्हणूनच हे शिकायला लहान वय आणि वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. चिएकोने लहानपणीच पियानो शिकायला सुरुवात केली.

तेराव्या वर्षी परदेशी

१९२८ साली अवघ्या तेरा वर्षांची चिएको फ्रान्सला निघाली. इकुमा आरिशिमा हे प्रसिद्ध चित्रकार फ्रान्सला चालले होते, त्यांच्यासोबत तिला पाठवण्यात आलं. तेव्हा जपानहून युरोप गाठायला कित्येक आठवडे लागत. आपल्याकडे सातवी-आठवीत असते त्या वयाची मुलगी! भाषा वेगळी, जेवण वेगळं आणि आईवडील समुद्रापलीकडे. आपण पालक म्हणून असं धाडस करू का, हा प्रश्न मनात येतोच.

पॅरिसच्या जगप्रसिद्ध संगीत विद्यालयात तिला लाझार लेव्ही हे नामवंत गुरू लाभले. १९३२ साली ती तिथून पहिलं पारितोषिक घेऊन बाहेर पडली. इथे शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या विद्यालयात पहिलं पारितोषिक एकालाच मिळत नसे. ठरलेला दर्जा गाठणाऱ्या एकाहून अधिक विद्यार्थ्यांना ते दिलं जाई. एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं हुकलं, असा प्रकार नव्हता.

वॉर्साची स्पर्धा

१९३७ साली पोलंडची राजधानी वॉर्सा येथे तिसरी आंतरराष्ट्रीय शोपँ पियानो स्पर्धा झाली. शोपँ हा पोलंडचा लाडका संगीतकार. त्याचा मृत्यू पॅरिसमध्ये झाला, पण त्याचं हृदय वॉर्साच्या एका चर्चमध्ये जपून ठेवलं आहे. या स्पर्धेत फक्त त्याच्याच रचना वाजवायच्या असतात. त्या वर्षी जपानी वादक प्रथमच या स्पर्धेत उतरले. चिएको हारा आणि मिवा काई या दोघी तरुणी त्या मानाच्या मानकरी.

चिएको यांचं वादन ऐकून सभागृह भारावून गेलं. पण निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक सोव्हिएत संघाच्या याकोव्ह झाक यांना मिळाला होता आणि चिएको यांचा क्रमांक होता पंधरावा! श्रोत्यांना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी जोरदार नाराजी व्यक्त केली. अखेर चिएको यांना श्रोत्यांच्या पसंतीचं विशेष पारितोषिक देण्यात आलं.

परीक्षक चुकले का? ते आपण इथे बसून ठरवू शकत नाही. परीक्षकांची मोजपट्टी एक होती आणि श्रोत्यांची दुसरी, एवढं मात्र नक्की. निकालाच्या कागदावर फक्त एका मोजपट्टीचा आकडा लिहिला गेला.

संसार, युद्ध आणि दुसरी सुरुवात

पुढे चिएको यांचं लग्न झालं, दोन मुलगे झाले. दुसरं महायुद्ध पेटलं तो काळ त्यांनी जपानमध्ये काढला. युद्धानंतरही त्या मायदेशात वाजवत राहिल्या. पण युरोपात मिळालेली दाद त्यांना घरी तेवढ्या मोकळेपणाने मिळाली नाही. संसारही टिकला नाही.

मग आयुष्याला वेगळं वळण लागलं. गास्पार कासादो हे स्पेनचे थोर चेलोवादक आणि पाब्लो कासाल्स यांचे शिष्य. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये उभं धरून वाजवायचं. १९५९ साली चिएको आणि कासादो यांचा विवाह झाला. चिएको तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या इटलीतील फ्लोरेन्स शहरात राहू लागल्या. मुलगे मात्र जपानमध्येच राहिले. या निर्णयाची किंमत आई म्हणून त्यांना आणि मुलांनाही मोजावी लागली असणार. थोरांचं चरित्र सांगताना ही बाजू आपण झाकू नये, असं मला वाटतं.

पती-पत्नींनी जोडीने अनेक देशांत कार्यक्रम केले. एकटीने मंच गाजवलेल्या कलाकाराने दुसऱ्याच्या सुराला सूर जुळवून वाजवणं सोपं नसतं. तिथे बोटांइतकंच कानांनी काम करावं लागतं.

हे सुख फार टिकलं नाही. १९६६ साली कासादो यांचं निधन झालं. चिएको खचून बसल्या नाहीत. १९६९ पासून फ्लोरेन्समध्ये कासादो यांच्या नावाने चेलोवादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, त्यामागे त्यांची धडपड होती. ज्यांना स्पर्धेच्या निकालाने एकदा दुखावलं होतं, त्यांनीच पुढच्या पिढीसाठी स्पर्धेचा मंच उभा केला!

अखेरची वर्षे

म्हातारपणी चिएको जपानला परतल्या. ९ डिसेंबर २००१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कासादो यांची पत्रं आणि कागदपत्रं जपानच्या तमागावा विद्यापीठात जतन केली आहेत. पुढे २००६ पासून जपानमधील हाचिओजी शहरातही कासादो यांच्या नावाची स्पर्धा भरवण्यात आली.

आपण काय घ्यावं?

पंधरावा क्रमांक आला तेव्हा चिएको बावीस वर्षांच्या होत्या. त्यानंतरही त्या कित्येक वर्षं वाजवत राहिल्या. क्रमांक त्या एका दिवसाचा होता, वादन आयुष्यभराचं.

ही गोष्ट मी माझ्या वर्गात सांगितली. त्या मुलीला वेगळं काही समजावलं नाही. दोन दिवसांनी परिपाठाच्या वेळी ती आपणहून पेटीजवळ जाऊन बसली. प्रार्थनेत एक-दोन सूर चुकले. पण वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पालकहो, पुढच्या वेळी मूल स्पर्धेहून घरी आलं की कितवा नंबर आला हे नंतर विचारा. आधी म्हणा, काय वाजवलंस ते मला ऐकव.